मंगळवारच्या मागचा साक्षीदार

मोहोरखेड्याच्या भिकुबाईच्या आठवड्यात वार सहाच होते. मंगळवार मावळला की तिचा एकदम गुरुवार उजाडायचा. मधल्या दिवसाला ती "मंगळवारना मांगेना" म्हणायची, नाहीतर नुसतं "बाजारना दिस". कारण तिच्या जेठाचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव होतं बुधा. जेठाचं नाव तोंडातून काढणारी बाई त्या काळी खानदेशात शोधून सापडली नसती. नाव तर नाहीच, नावाशी मिळताजुळता शब्दसुद्धा नाही. शेजारणी तिला हसत नसत, कारण त्यांच्याही घरी तीच रीत. एकीच्या सासऱ्याचं नाव गुलाब होतं. ती बिचारी गुलाबाच्या फुलाला जन्मभर "काटेवालं फूल" म्हणत राहिली. गावचे समजूतदार लोकही भिकुबाईसमोर बुधवार म्हणत नसत. वाणी पुडी बांधताना म्हणायचा, "उधारी बाजारना दिसले दी टाक."

जेठाशी बोलायचंही नाही. पण एका घरात वीस वर्षं काढायची तर बोलल्याशिवाय कसं चालेल? त्यावर बायकांनी फार पूर्वीच तोड काढून ठेवली होती. भिकुबाई गोठ्यातल्या गाईकडे तोंड करून म्हणायची, "गाये, घरमा पीठ सरी गयं." ओट्यावर पागोटं बांधत बसलेला बुधा ते ऐकायचा आणि तोही गाईलाच सांगायचा, "गाये, सांजले दाना दयी आनसू." ती गाय मेली, तिची कालवड मोठी झाली, बोलणं तसंच चालू राहिलं. गाईला मध्ये घालून जेवढं नीट बोलणं त्या घरात होई, तेवढं पुष्कळ घरांत समोरासमोर बसूनही होत नाही.

भिकुबाईचा नवरा लोटन स्वातंत्र्य आलं त्याच पावसाळ्यात पटकीने गेला. मूलबाळ नव्हतं. पांझरेच्या काठचा काळ्या जमिनीचा एक तुकडा तेवढा तिच्या वाट्याला राहिला. दादर ज्वारी अशी पिकायची की बांधावरून माणूस दिसायचा नाही. शेजारच्या हिलाल पाटलाचा त्या तुकड्यावर डोळा होताच. लोटनने मरायच्या आधी जमीन मला दिली होती, असं त्याने उठवलं आणि नांगर घालायची भाषा केली. बुधा गरीब स्वभावाचा, चार माणसांत तोंड न उघडणारा. पण या वेळी त्याने गाडी जुंपली, भावजयीला मागे बसवलं आणि धुळ्याला नेलं. तिथे लीलाधर वकिलांनी तिच्या वतीने हिलाल पाटलावर दावा लावला.

लीलाधर वकील बोलायला गोड. बाईला "अक्का" म्हणायचे. एकदा त्यांनी निरोप धाडून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, पुढची तारीख मागून घ्यायची आहे. अर्ज कारकून लिहील सावकाश, तू अंगठा लावून जा. परत परत खेप नको तुला." पदर नाकापर्यंत ओढून भिकुबाई गादीपुढे वाकली. अक्षर तिला येत नव्हतं. पण लिहिलेला कागद आणि कोरा कागद यांतला फरक कळायला शाळेत जावं लागत नाही. कागद पांढरा स्वच्छ होता. ती अंगठा उमटवत होती तेव्हा बुधा उंबऱ्यात अर्धा पाठमोरा बसला होता, आणि ते त्यानेही पाहिलं.

मृगाच्या आत हिलाल पाटलाचा नांगर तिच्या जमिनीत चालू झाला. भिकुबाई धावत गेली तर तो बांधावर बसून शांतपणे म्हणाला, "काबर वरडस? तूच राजीखुशीनी सोडं ना. कोर्टमा कागद शे." तो कागद म्हणजे तडजोड. बाई जमिनीवरचा हक्क सोडते, पाटील तिला दरसाल पोटापुरतं धान्य देईल, खाली बाईचा अंगठा. दावा त्यावरच निकाली निघाला होता. लीलाधर वकील आणि हिलाल पाटील यांचं कुठे आणि कसं जुळलं, हे देवालाच ठाऊक. पण जुळलं होतं.

त्या संध्याकाळी भिकुबाई गोठ्यात बसून राहिली. चूल पेटवली नाही. बुधा ओट्यावर आला, बराच वेळ घसा खाकरत राहिला, आणि गाईला म्हणाला, "गाये, कागद कोरा व्हता. मी देखं."

भिकुबाईने गाईच्या मानेवर डोकं टेकलं. "गाये, त्यासले इचार. कोर्टमा सांगतीन का?"

"सांगसू," बुधा म्हणाला.

धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात निंबाखाली बन्सीलाल नावाचा अर्ज लिहिणारा बसायचा. पुढे लाकडी पेटी, कानावर टाक, आणि स्वतःच्या हुशारीवर गाढ विश्वास. वकिलाविरुद्ध तक्रार म्हटल्यावर धुळ्यातल्या एकाही वकिलाने वकीलपत्र घेतलं नव्हतं; जो तो "लीलाधरराव तसे नाहीत हो" म्हणून चष्मा पुसत होता. बन्सीलालने मात्र अर्ज लिहून दिला आणि बाईला समजावून सांगितलं. वकिलाला सनद असते. ती काढून घ्यायची तर आधी जिल्ह्याचे जज्जसाहेब चौकशी करतात, मग त्यांचा अहवाल मुंबईला हायकोर्टात जातो. "आणि बाई, तुझी जमीन यावरच लटकली आहे. वकिलाने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला असं ठरलं, तर ती तडजोड उलटवता येईल. नाही ठरलं तर जमीन विसर."

तक्रार दाखल झाली, वकिलांना नोटीस गेली, त्यांची कैफियत आली. कागद पूर्ण लिहिलेला होता, बाईला दोनदा वाचून दाखवला होता, माझा कारकून साक्षीला आहे. बाईला आता कुणीतरी फूस लावली आहे, असं त्यांचं म्हणणं. मग चौकशीच्या आधीची एक तारीख पडली. त्या दिवशी साक्षीपुरावा काही नव्हता. कोणावर नेमका काय आरोप आहे, कोण कोणते कागद दाखवणार, कोण कोणते साक्षीदार आणणार, हे एकमेकांना आधी कळवायचं, एवढंच त्या दिवसाचं काम.

जज्जसाहेब पुण्याकडचे होते, पण माणूस सरळ. त्यांनी भिकुबाईला सावकाश सांगितलं, "बाई, वकिलांची सगळी अब्रू आणि पोट या चौकशीत आहे. त्यांच्याविरुद्ध कोण काय सांगणार हे त्यांना आधी कळलंच पाहिजे. तसंच त्यांचं तुम्हाला कळेल. साक्षीदारांची नावं आणि गावं पंधरा दिवसांत लिहून द्या. यादीत नसलेला माणूस मी ऐकणार नाही."

नियम न्यायाचा आहे, यात शंका नाही. कुणावरही अंधारातून वार होऊ नये. फक्त एवढंच की, यादी हातात पडल्यावर एकाच्या दाराशी मोटार असते आणि दुसरीच्या दाराशी गाय, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

भिकुबाई निंबाखाली गेली. बुधा तेव्हा बैलांना पाणी दाखवायला नदीवर गेला होता. जेठ आणि भावजय एका पेटीपुढे बसणार तरी कशी?

"साक्षीदाराचं नाव?" बन्सीलालने विचारलं.

"मना जेठ."

"जेठ हे नातं झालं. नाव सांग."

भिकुबाईने पदर पुढे ओढला. बन्सीलाल खानदेशातलाच, त्याला लगेच उमगलं. असली कोडी सोडवण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. "बरं, खूण सांग."

"वारना नाव शे. मंगळवारना मांगेना."

बन्सीलालने टाक दौतीत बुडवला. मागचा म्हणजे झालेला, होऊन गेलेला. आपण मागचा महिना म्हणतो तसा. मंगळवारच्या मागचा वार सोमवार. त्याने लिहिलं, सोमा. भिकुबाईच्या डोळ्यांपुढे मात्र वार असे चालत होते जशा पाणंदीने गाई चालतात: मंगळवार पुढे, आणि त्याच्या शेपटीमागून येणारा तो मागचा. सरळ साध्या दोन माणसांनी एकच शब्द ऐकला आणि दोघे दोन वाटांनी गेले.

बन्सीलाल कामाला चोख. त्याने रिवाजाप्रमाणे यादी मोठ्याने वाचून दाखवली. "साक्षीदार सोमा, राहणार मोहोरखेडं. बरोबर?"

इथे कुणीही म्हणेल, बाईने तिथेच का नाही अडवलं? तर तिला वाटलं, किती जाणता माणूस शे! वाणी जसा तिच्यासमोर बुधवार म्हणत नाही, तसा हाही नाव झाकून, शेजारचं नाव घेऊन वाचतो आहे. कागदावर काय लिहायचं ते त्याने बरोबर लिहिलं असणार. तोंडाने मात्र बाईची लाज राखली. तिने खाली मान घालून "हां, भाऊ" म्हटलं आणि अंगठा लावला. आयुष्यात दुसऱ्यांदा तिचा अंगठा न कळलेल्या कागदावर उठला, आणि या वेळी लबाडी कुणाचीच नव्हती.

यादीची नक्कल लीलाधर वकिलांकडे गेली. त्यांना खरी धास्ती होती उंबऱ्यात बसलेल्या त्या पागोटेवाल्याची. यादीत त्याचं नाव नाही हे पाहून त्यांना हायसं वाटलं असेल. पुढच्याच आठवड्यात मोहोरखेड्यात एक मोटार आली आणि सोमाच्या दारापुढे उभी राहिली.

गावात सोमा एकच. दिवसभर पारावर पत्ते कुटायचा आणि संध्याकाळी कोणाकडे जेवण आहे त्याचा वास काढायचा. त्याने धुळ्याची कचेरी बाहेरूनही पाहिली नव्हती. पण मोटार दारी आल्यावर, आपल्याला काही ठाऊक नाही असं कोण सांगतो? वकिलांचा कारकून जे म्हणाला त्याला तो हो म्हणाला. दसऱ्याला त्याच्या अंगावर नवा कोट आला. घरावर पत्रे चढले. तो पारावर सांगू लागला, "मी साक्ष देवाव शे. जज्जनी माले नावानी बलाव शे."

भिकुबाईच्या घरात कुणाला याचा उलगडा झाला नाही. जेठानी, म्हणजे बुधाची बायको, म्हणाली, वकिलाला दुसरं काही काम असेल. बुधा गाईला म्हणाला, "गाये, आपलाकडे कोनी नही उनं. बरं व्हयनं." आणि तो निर्धास्तपणे कपाशी वेचायला गेला.

चौकशीच्या दिवशी भिकुबाईचा जबाब झाला. पांढरा कागद, मुदतीचा अर्ज, अंगठा, सगळं तिने न चुकता सांगितलं. लीलाधर वकिलांनी उलट विचारलं तरी ती हलली नाही. मग पट्टेवाल्याने तिच्या साक्षीदाराचा पुकारा केला आणि नवा कोट घालून सोमा आत आला.

भिकुबाई पदराआडून बघतच राहिली. सोमा पाठ केलेलं म्हणून मोकळा झाला. मी तिथे होतो, कागद भरलेला होता, बाईला वाचून दाखवला, बाई राजी होती. तिचाच साक्षीदार तिच्याच विरुद्ध बोलून बाहेर गेला, आणि वकिलांकडे बघून त्याने नमस्कारही केला.

"साहेब, हाऊ तो मानूस नही," भिकुबाई म्हणाली.

जज्जसाहेबांनी बन्सीलालला बोलावून आणलं. त्याने घाम पुसत वाराचं कोडं सांगितलं तेव्हा कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. पण लीलाधर वकील उठले. "साहेब, मागचा म्हणजे अलीकडचा की पलीकडचा, यावर माझी सनद टांगणार का? साक्ष फसली म्हणून आता बाहेर व्हरांड्यात जो बसला असेल त्याला आत घेतील. बाईंनी शपथेवर सांगावं, यादीत कोणाचं नाव घालायचं होतं. मग मी अडवणार नाही."

वरवर बघता हेही बिनतोड होतं. साहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, नाव तुमच्याच तोंडून यायला हवं. मी नाव घेऊन 'हाच का' विचारलं, तर ते मी सुचवल्यासारखं होईल. मला तुमची रीत कळते. पण याला दुसरा मार्ग नाही."

बुधा दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. त्याचं पागोटं तिला दिसत होतं. वीस वर्षांत त्या माणसाने तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, की तिची सावली ओलांडली नव्हती. लोटन गेला त्या दिवशी सगळे आपापल्या रडण्यात होते, बुधा गोठ्यात जाऊन गाईला म्हणाला होता, "गाये, तिले सांग, हाई घर तिनंच शे." त्या माणसाला भर कचेरीत, परक्या पुरुषांपुढे, पोराला हाक मारावी तसं नाव घेऊन उभं करायचं. नदीकाठची जमीन तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि तीत हिलाल पाटलाचा नांगर.

"बुधा," ती म्हणाली.

शिरस्तेदार म्हणाला, "ऐकू आलं नाही. मोठ्याने बोला."

"बुधा."

दाराबाहेरचं पागोटं हललं. बुधा उठला आणि कुणाकडे न बघता व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन, खांबाकडे तोंड करून बसला.

साहेबांनी यादी दुरुस्त केली. पण वकिलांना नवा साक्षीदार आजच कळला, तेव्हा त्यांना तयारीला आणि जादा कैफियत द्यायला मुदत देणं भाग होतं. एक महिन्याची तारीख पडली. त्या महिन्याने भिकुबाईचा घात केला.

मोटार या वेळी आली नाही. कोटही आला नाही; बुधा कोट घेणाऱ्यांतला नव्हता, हे वकील ओळखून होते. आली ती जादा कैफियत, आणि तिची नक्कल नियमाप्रमाणे भिकुबाईला मिळाली. निंबाखाली बन्सीलाल ती वाचू लागला आणि मध्येच थांबला.

"पुढे विशेष नाही," तो म्हणाला.

"वाच, भाऊ."

त्याने वाचलं. सदर साक्षीदार आणि तक्रारदार विधवा एका घरात राहत असून त्यांचे अनैतिक संबंध आहेत. साक्षीदार त्यामुळेच तिच्या बाजूने खोटे बोलण्यास तयार झाला आहे. आणि याचा पुरावा दुसरा नको: खानदेशातील कोणतीही कुलीन स्त्री जेठाचे नाव उच्चारीत नाही. सदर बाईने ते भर कोर्टात, सर्वांसमक्ष, दोन वेळा उच्चारले.

बन्सीलालने कागदाची घडी केली. खाली बघून म्हणाला, "चूक माझी, बाई. एकदा विचारायला हवं होतं मी."

भिकुबाई उठली. पांझरा ओलांडून ती देवपूरला आपल्या मावसबहिणीकडे, सुगंधाबाईकडे, गेली आणि अंगणात बसून राहिली. सुगंधाबाईने ताट वाढलं ते तसंच उचलून ठेवलं.

तिच्या आधी बातमी गावात पोचली होती. पारावर सोमा नव्या कोटात बसून सांगत होता आणि लोक तोंडावर हात ठेवून ऐकत होते. ज्यांनी वीस वर्षं त्या घरातली रीत पाहिली होती तेच लोक. बुधाच्या मुलीची, बेबाची, सोयरीक अमळनेराकडे जमली होती. सुपारी फुटली होती. तिकडून निरोप आला. आधी कोर्टाचं उरकू द्या. तुम्हाला तिथे उभं करून काय विचारतात, तुम्ही काय बोलता, ते एकदा कळू द्या. मग तिथी बघू.

जेठानी गोठ्यात गेली. तिने फक्त गाय सोडली आणि पुढच्या दारी, भिकुबाईच्या खोलीपासून लांब, नेऊन बांधली. भिकुबाई गोठ्यात गेली तर नुसता खुंटा. त्या दिवसापासून तिचं आणि बुधाचं बोलणं बंद झालं. कोर्टाच्या दिवशी तो येणार की नाही, हे विचारायलाही तिला कोणी उरलं नाही.

तारखेला ती एकटी पायी निघाली. आवारात शिरताना तिला बुधा दिसला. तो आला होता. निंबापलीकडे, टांगे उभे राहतात तिथे, जमिनीकडे बघत बसला होता.

पट्टेवाल्याने दारात येऊन पुकारा केला. "बुधा, मोहोरखेडं, हाजिर आहे का?" कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा झाला. बुधा हलला नाही.

साहेबांनी भिकुबाईला बाहेर जाऊन बघायला सांगितलं. ती व्हरांड्यात आली. मागोमाग लीलाधर वकीलही दारात येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. ते कसली वाट बघत होते हे तिला कळत होतं. तिने आता तिथून हाक मारली असती, तर त्यांच्या कैफियतीवर तिसरा शिक्का बसला असता. न मारावी तर जमीन जात होती.

टांग्याजवळ सांडलेलं गवत खात एक गाय उभी होती. कुणाची कोण जाणे. भिकुबाई पायऱ्या उतरली आणि बुधाकडे न बघता त्या गाईजवळ गेली. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"गाये, आत पुकारी राह्यनात. कागद कोरा व्हता, येवढंच सांगानं शे."

गाय गवत चावत राहिली. बुधाने पागोट्याचा पदर डोळ्यांना लावला.

"गाये," तो म्हणाला, "मनी बेबा घरमा शे."

बस्स. भिकुबाईने गाईच्या पाठीवरचा हात काढला. तिला रागाने रडू फुटायला हवं होतं. पण तिला त्याची कीवच आली, आणि त्याहून जास्त त्या पोरीची. बेबाला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं.

ती आत गेली. साहेबांनी विचारलं, "आला आहे का तो? आवारात असेल तर आत आणवतो. आला नसेल तर समन्स काढतो. त्याला यावंच लागेल."

साहेबांच्या एका शब्दावर बुधा आत आला असता. त्याला शपथ घालून उभं केलं असतं आणि तो खोटं बोलला नसता. कागद कोरा होता हे त्याने सांगितलंच असतं. त्यानंतर वकिलांनी त्याला भावजयीबद्दल दुसरा प्रश्न विचारला असता, आणि तोही लिहिला गेला असता. भिकुबाईला हे सगळं कळलं होतं. दोन तारखांत ती एवढं कोर्ट शिकली होती.

"नही, साहेब," ती म्हणाली. "नका बलावू. तठे कोनी नव्हतं. ते नाव मी उगाच सांगं."

"बाई, नीट विचार करून बोला. हे मी लिहून घेतोय."

"लिखी ल्या."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना समजलं असावं. पण समजलेलं लिहिता येत नाही, सांगितलेलं लिहावं लागतं. त्यांनी ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. या खेपेला कागदावर काय आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं.

आरोप शाबीत नाही, असा अहवाल मुंबईला गेला. लीलाधर वकिलांची सनद शाबूत राहिली. पुढे पुष्कळ वर्षं ते गोड बोलत वकिली करत होते. जमीन हिलाल पाटलाची झाली. बेबाचं लग्न वैशाखात झालं आणि भिकुबाईला त्याचं बोलावणं नव्हतं. तिनेही ते अपेक्षिलं नसावं, कारण त्याआधीच ती गाव सोडून सुगंधाबाईकडे आली होती आणि देवपुरात दोन घरची भांडी घासू लागली होती.

त्यांतल्या एका घरची मालकीण नवी, तरुण, हसरी होती. भिकुबाईने एकदा तिला सांगितलं, "बाई, मंगळवारना मांगेना दिसले मी येवाव नही." कारण कळल्यावर मालकीणबाईला मोठी गंमत वाटली. इथे कुठे ऐकतोय तुझा जेठ, म्हणाली. म्हण की बुधवार, एकदा तरी म्हणून दाखव.

भिकुबाईने घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"दोन डाव म्हणेल शे, बाई," ती म्हणाली. "पुरे."